डेट्रॉइटचा सांगीतिक वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार उद्योगाच्या निमित्ताने डेट्रॉइटच्या उपनगरांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आईवडील, पाहुणेही कमी नाहीत. मोटारींचे संग्रहालय पाहून झाले की शहर पाहून झाले, अशी समजूत मात्र सर्रास आढळते. विसाव्या शतकातल्या लोकप्रिय संगीताला या एका शहराने जेवढे दिले, तेवढे देणारी शहरे जगात फार थोडी आहेत. ज्यांना हा वारसा जाणून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

मोटारींच्या कारखान्यांचा आणि संगीताचा खरोखर काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सर्वांत आधी पगाराचा संबंध आहे. जानेवारी 1914 मध्ये हेन्री फोर्ड यांनी आठ तासांच्या कामासाठी दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, तेव्हा हा दर प्रचलित मजुरीच्या जवळपास दुप्पट होता. त्यानंतरच्या काही दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आली, त्यांपैकी फार मोठा ओघ डेट्रॉइटकडे वळला. येताना त्यांनी कापसाच्या शेतांतली ब्लूज ही गाणी आणि चर्चमधले गॉस्पेल हे भक्तिसंगीत सोबत आणले.

कारखान्यात त्यांना समान वागणूक मिळाली, असे मात्र कोणी समजू नये. ओतशाळेतली, भट्टीजवळची, सर्वांत तापदायक आणि धोक्याची कामे बहुधा त्यांच्याच वाट्याला येत, आणि शहरातल्या बहुतेक वस्त्यांमध्ये त्यांना घर मिळत नसे. तरीही दर आठवड्याला हातात पडणारी रोख मजुरी ही नवी गोष्ट होती. त्या पैशातून हप्त्यांवर पियानो आले, मुलांच्या शिकवण्या सुरू झाल्या, शनिवारी रात्री क्लब भरू लागले आणि त्या क्लबांमध्ये वाजवणाऱ्यांचे घर चालू लागले. डेट्रॉइटचे संगीत एखाद्या राजाश्रयावर किंवा धनिकांच्या देणगीवर वाढले नाही; ते कामगारांच्या पगारावर वाढले. पुढची सगळी उत्तरे वाचताना ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, एवढीच विनंती आहे.

जुन्या पुस्तकांत हेस्टिंग्ज स्ट्रीटचा उल्लेख वारंवार येतो. तो रस्ता आज नकाशावर का सापडत नाही?

कारण त्याच्यावरून महामार्ग गेला आहे. ब्लॅक बॉटम आणि त्याला लागून असलेली पॅराडाइज व्हॅली या दोन वस्त्यांमधून जाणारा हेस्टिंग्ज स्ट्रीट हा कृष्णवर्णीय डेट्रॉइटचा मुख्य बाजार होता. दुकाने, दवाखाने, हॉटेले, चर्च आणि संगीताचे क्लब एकाच रस्त्यावर खेटून उभे होते. 1950 च्या दशकापासून नगर-नवीकरणाच्या नावाखाली ही संपूर्ण वस्ती पाडण्यात आली आणि तिच्या जागेवर क्रायस्लर फ्रीवे बांधला गेला. हजारो कुटुंबे विस्थापित झाली, आणि त्यांच्यासोबत संगीताचा अख्खा परिसर उखडला गेला.

त्या रस्त्याचा आवाज मात्र एका ध्वनिमुद्रणात टिकला आहे. मिसिसिपीहून आलेले जॉन ली हूकर फोर्डच्या कारखान्यात झाडलोटीचे काम करत आणि रात्री हेस्टिंग्ज स्ट्रीटवरच्या क्लबांमध्ये गात. 1948 मध्ये त्यांनी ‘बूगी चिलन’ हे गाणे मुद्रित केले, त्यात या रस्त्याचे नाव स्पष्ट ऐकू येते. गाण्यात ना ड्रम आहेत ना दुसरा कोणी वादक. एक आवाज, एक विजेवर चालणारी गिटार आणि जमिनीवर आपटणारा बूट एवढाच सारा ऐवज. त्या बुटाचा ठोका नीट उमटावा म्हणून त्यांच्या पायाखाली लाकडी फळी ठेवण्यात आली होती. 1949 मध्ये हे गाणे ऱ्हिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

याच रस्त्यावर जो व्हॉन बॅटल यांचे रेकॉर्डचे दुकान होते आणि दुकानातच ते ध्वनिमुद्रणही करत. रस्ता पाडला गेल्यावर त्यांनी दुकान बाराव्या रस्त्यावर हलवले. जुलै 1967 मध्ये शहरात उसळलेल्या हिंसक उद्रेकात तेही उद्ध्वस्त झाले, आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या असंख्य ध्वनिफिती आगीत व पाण्यात नष्ट झाल्या. डेट्रॉइटच्या वारशाविषयी बोलताना आपण जे उरले त्याचीच यादी करतो. जे गेले ते किती मोठे असेल, याचा अंदाज या एका दुकानावरून करता येईल.

गायिका अरीथा फ्रँकलिन यांचा या शहराशी काय संबंध होता?

त्यांचा जन्म 1942 मध्ये मेम्फिस येथे झाला, परंतु त्या वाढल्या डेट्रॉइटमध्ये, आणि 16 ऑगस्ट 2018 रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू होते. त्यांची प्रवचने बोलता बोलता गाण्याच्या पट्टीत चढत जात, आणि ती ध्वनिमुद्रित करून रेकॉर्डच्या रूपाने देशभर पोहोचवली ती वर उल्लेखिलेल्या जो व्हॉन बॅटल यांनीच. अरीथांचे पहिले ध्वनिमुद्रणही 1956 मध्ये, त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी, याच चर्चमध्ये झाले. ते ऐकताना समोर बसलेल्या भाविकांचे हुंकार आणि प्रतिसाद ऐकू येतात, आणि या मुलीचा आवाज कोणत्या वातावरणात घडला हे कळते.

हेस्टिंग्ज स्ट्रीटवरचे मूळ चर्च पाडले गेले. 1963 पासून न्यू बेथेल लिनवुड अव्हेन्यूवर आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सी. एल. फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने डेट्रॉइटमध्ये नागरी हक्कांसाठी विराट मोर्चा निघाला, आणि तिथले मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीने प्रसिद्ध केले. चर्च, चळवळ आणि रेकॉर्ड कंपनी यांच्यात तेथे अंतर फारसे नव्हते.

एका शहरातून इतके जॅझ वादक कसे निर्माण झाले?

पियानोवर बॅरी हॅरिस आणि टॉमी फ्लॅनगन, गिटारवर केनी बरेल, बेसवर पॉल चेंबर्स आणि रॉन कार्टर, ट्रम्पेटवर डोनाल्ड बर्ड, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, सॅक्सोफोनवर युसेफ लतीफ, गायिका बेटी कार्टर… ही नावे वाचली की 1950 च्या दशकातल्या निम्म्या महत्त्वाच्या रेकॉर्ड आठवतात. या यशाचे श्रेय देताना लोक बहुधा क्लबांची नावे घेतात. माझ्या मते खरे श्रेय सरकारी शाळांचे आहे.

कॅस टेक्निकल हायस्कूल ही शहराची सार्वजनिक शाळा. तिथे वाद्यवृंद, वादनाचे रीतसर शिक्षण आणि चांगली वाद्ये ही अभ्यासक्रमाचा भाग होती. कारखान्यातल्या मजुराला हार्पसारखे मोठे, महागडे तंतुवाद्य विकत घेणे कधीच शक्य नव्हते. या शाळेत मात्र हार्प शिकवली जात असे. डोरोथी अ‍ॅशबी तिथेच शिकल्या आणि त्यांनी हे केवळ सिंफनीत शोभणारे मानले गेलेले वाद्य जॅझमध्ये मुख्य वाद्य म्हणून उभे केले. 1976 मध्ये स्टीव्ही वंडर यांच्या ‘इफ इट्स मॅजिक’ या गाण्यात गायकाच्या साथीला बोटांनी छेडलेली जी हार्प ऐकू येते, ती अ‍ॅशबींची आहे. रॉन कार्टर, पॉल चेंबर्स आणि डोनाल्ड बर्ड हेही कॅस टेकचेच विद्यार्थी.

शाळेबाहेरही शिकवण्याची परंपरा होती. बॅरी हॅरिस तरुण वयातच आपल्या घरी इतर वादकांना शिकवत. पुढच्या पिढीत ट्रम्पेटवादक मार्कस बेलग्रेव्ह यांनी हे काम अंगावर घेतले. पियानोवादक जेरी अ‍ॅलन, व्हायोलिनवादक रेजिना कार्टर आणि सॅक्सोफोनवादक केनी गॅरेट हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. पैसा आणि प्रसिद्धी न्यूयॉर्कला असताना बेलग्रेव्ह डेट्रॉइटमध्ये राहून शिकवत राहिले, या निर्णयाचे मोल फार मोठे आहे.

प्रत्यक्ष जॅझ ऐकायचे असेल तर लिव्हरनॉइस अव्हेन्यूवरील बेकर्स कीबोर्ड लाउंज येथे जावे. 1934 पासून तिथे संगीत वाजते आहे. तिथला पियानोच्या पट्ट्या रंगवलेला वळणदार बार प्रसिद्ध आहे. जागा लहान असल्यामुळे वादकाचा श्वासही ऐकू येतो, आणि जॅझ असाच ऐकायला हवा.

मोटाउन म्हणजे नेमके काय, आणि तिचे यश कशात होते?

बेरी गॉर्डी या डेट्रॉइटमध्येच जन्मलेल्या गीतकाराने कुटुंबाच्या सामायिक निधीतून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन जानेवारी 1959 मध्ये सुरू केलेली ही रेकॉर्ड कंपनी. त्याआधी गॉर्डी यांनी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात जुळणीच्या साखळीवर काम केले होते. नुसता सांगाडा एका टोकाला आत जातो आणि दुसऱ्या टोकाने तयार मोटार बाहेर पडते, हे रोज पाहिल्यावर गायकांच्या बाबतीतही असे करता येईल, ही कल्पना त्यांना तिथेच सुचली.

ती त्यांनी शब्दशः राबवली. गीतकारांचे एक पथक, वादकांचे एक पथक, नृत्य शिकवायला चॉली अ‍ॅटकिन्स, उठणे-बसणे, चालणे आणि मुलाखतीत बोलणे शिकवायला मॅक्सिन पॉवेल. दर शुक्रवारी गुणवत्ता तपासणीची बैठक होई. कोणती गाणी बाजारात जातील याचा निर्णय तिथे मतदानाने लागे. मुद्रण पारखताना मोठ्या ध्वनिवर्धकांऐवजी मोटारीतल्या रेडिओसारखे छोटे ध्वनिवर्धक वापरत, कारण तरुण मुले गाणी तिथेच ऐकणार, हे त्यांना ठाऊक होते.

या पद्धतीतून एकसारखा माल निघायला हवा होता. निघाले ते स्मोकी रॉबिन्सन, मार्विन गे, स्टीव्ही वंडर, टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स. 1961 मध्ये मार्व्हलेट्सचे ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ अमेरिकेत सर्वसाधारण यादीत पहिले आले. मोटाउनचे असे ते पहिलेच गाणे. सरकारी चाळवजा इमारतींमध्ये वाढलेल्या तीन मुलींच्या सुप्रीम्सने 1964 ते 1969 या काळात बारा वेळा तोच मान मिळवला. मार्था रीव्ह्ज कंपनीत सेक्रेटरी म्हणून काम करत होत्या. 1965 मध्ये त्यांच्या एका गाण्याचे चित्रीकरण फोर्डच्या चालू कारखान्यात, मस्टँग मोटारींच्या साखळीवर झाले. डेट्रॉइटचे दोन्ही उद्योग एका चौकटीत दिसावेत, असे ते दृश्य आहे.

मोटाउन संग्रहालयात काय पाहावे?

2648 वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड येथील साध्या दुमजली घरात कंपनी सुरू झाली आणि दर्शनी भागावर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ ही पाटी लागली. गॉर्डी यांच्या भगिनी एस्थर गॉर्डी एडवर्ड्स यांनी 1985 मध्ये तेथे संग्रहालय उभारले. कंपनी शहर सोडून गेली तरी त्या राहिल्या, कागद, छायाचित्रे आणि वाद्ये जपत राहिल्या, म्हणूनच आज काही पाहता येते.

दोन गोष्टी निवांतपणे पाहाव्यात. पहिली म्हणजे माळ्याकडे जाणारे छतातले भोक. प्रतिध्वनी निर्माण करणारी महाग यंत्रे घेणे परवडत नसल्याने आवाज माळ्यावरच्या रिकाम्या जागेत सोडून तिथून परत मुद्रित केला जाई. त्या भोकाखाली उभे राहून टाळी वाजवली की त्या काळच्या गाण्यांतली घुमारेदार खोली लगेच ओळखू येते. दुसरी म्हणजे स्टुडिओ ए. काही पायऱ्या उतरून गेल्यावर लागणारी ती खोली इतकी लहान आहे की छतावरून लोंबणाऱ्या तारांमुळे वादकांनी तिला सापांच्या बिळाचे नाव दिले होते. वाटेत चॉकलेटचे एक यंत्रही दिसते. स्टीव्ही वंडर यांना दिसत नसल्यामुळे त्यांचे आवडते चॉकलेट नेहमी एकाच खणात ठेवले जाई.

संग्रहालय मार्गदर्शकासोबतच पाहता येते, त्यामुळे तिकीट आधी काढून ठेवावे.

या गाण्यांत वाजवणारे कोण होते?

त्यांना फंक ब्रदर्स म्हणत. बहुतेक जण शहरातल्या जॅझ क्लबांमधून आलेले होते. दिवसा मोटाउनमध्ये आणि रात्री क्लबात, असा त्यांचा दिनक्रम असे. अर्ल व्हॅन डाइक, बेनी बेंजामिन, रॉबर्ट व्हाइट, जो मेसिना, जॅक अ‍ॅशफर्ड ही त्यांतली काही नावे. व्हायोलिनचे थर चढवायचे असतील तेव्हा डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्राचे वादक येत. एवढे असूनही कित्येक वर्षे रेकॉर्डच्या वेष्टनावर यांच्यापैकी कोणाचेही नाव छापले गेले नाही. 1971 मधील मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती प्रथम आली.

यांच्यातल्या जेम्स जेमर्सन यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ते बेस गिटार उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. तारा जाड आणि जुन्या. तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे आवाज झणझणीत न होता गोल आणि खोल लागे. त्यांच्या आधी लोकप्रिय गाण्यात बेसचे काम ठेका धरून बसण्याचे असे; जेमर्सन यांनी त्याला गाण्यासोबत चालणारी, मध्येच गाण्यालाच प्रश्न विचारणारी स्वतंत्र चाल दिली. 1983 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वादन जगभर ऐकले जात होते आणि त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. ‘बर्नाडेट’ हे फोर टॉप्सचे गाणे हेडफोन लावून केवळ बेसकडे कान देऊन ऐकावे.

मोटाउन शहर सोडून गेल्यानंतर काय झाले?

1972 मध्ये कंपनीने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. त्याआधीच, जुलै 1967 मध्ये पोलिसी छाप्यातून पेटलेल्या पाच दिवसांच्या उद्रेकात 43 जण मृत्युमुखी पडले होते. कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत जात होते. 1950 मध्ये साडेअठरा लाख असलेली लोकसंख्या 2020 मध्ये सुमारे 6 लाख 39 हजारांवर आली आणि 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

संगीत थांबले नाही. जॉर्ज क्लिंटन यांच्या पार्लमेंट आणि फंकाडेलिक या समूहांनी 1970 च्या दशकात येथेच, युनायटेड साउंड या जुन्या स्टुडिओत फंक संगीताला नवे वळण दिले. त्या आधी रॉकमध्ये एमसी5 या बंडखोर समूहाने ऑक्टोबर 1968 मध्ये ग्रँडी बॉलरूम येथे आपला पहिला अल्बम श्रोत्यांसमोर मुद्रित केला होता, आणि पुढच्या दशकातल्या पंक संगीताची मुळे तिथे शोधली जातात.

टेक्नो संगीत युरोपातले नाही का?

नाही. ही चुकीची समजूत इतकी पसरली आहे की तिचे स्पष्ट खंडन करणे आवश्यक आहे. टेक्नो हे डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर घडवलेले नृत्यसंगीत आहे. ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे शहराबाहेरच्या बेलव्हिल गावातल्या शाळेत एकत्र आले. रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो या नावाने ओळखला जाणारा निवेदक फंक, जर्मनीतल्या क्राफ्टवर्कचे यंत्रसंगीत आणि प्रिन्स यांची गाणी एकापाठोपाठ लावत असे, आणि ही मुले ते तन्मयतेने ऐकत. बाजारातून बाद होत असलेली जपानी बनावटीची ड्रम यंत्रे त्यांना स्वस्तात मिळाली, आणि घरातल्या खोलीत बसून एकट्याने संपूर्ण वाद्यवृंद उभा करणे शक्य झाले.

1981 मध्ये अ‍ॅटकिन्स यांच्या सायबोट्रॉन या समूहाची पहिली रेकॉर्ड आली आणि 1985 मध्ये त्यांनी मेट्रोप्लेक्स ही स्वतःची कंपनी काढली. 1987 मधील डेरिक मे यांचे ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ हे या प्रवाहाचे सर्वांत गाजलेले गाणे. नृत्यासाठी बांधलेले असूनही त्यात बेसची ओळ नाही, आणि तरीही त्यावर पाय थिरकल्याशिवाय राहत नाहीत. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संकलनाने हे संगीत युरोपात पोहोचवले. भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमधल्या तरुणांनी ते उचलून धरले आणि अमेरिकेत मात्र त्याच्या जन्मदात्यांची दखल फार उशिरा घेतली गेली.

यंत्रमानवांनी माणसांची कामे हिरावून घेतलेल्या शहरात या मुलांनी यंत्रांना नाकारले नाही, ती हाताशी धरून त्यांच्याकडून करुणा आणि उल्हास वदवून घेतला. टेक्नोला नुसता ठणठणाट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊन पुन्हा ऐकावे.

हिप-हॉपमध्ये एमिनेम या रॅपरशिवाय कोणाचे नाव घ्यावे?

जे डिला यांचे. कॉनंट गार्डन्स वस्तीत वाढलेल्या या निर्मात्याने ठेक्यांच्या यंत्रातली आपोआप ताल नेमका करणारी सोय न वापरता ठोके किंचित मागेपुढे ठेवले, आणि यंत्राला माणसाची चाल आली. आज जॅझचे ड्रमवादकही ती चाल शिकतात. 7 फेब्रुवारी 2006 रोजी, बत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांचा ‘डोनट्स’ हा अल्बम आला आणि तीनच दिवसांनी ते गेले. त्यांचे यंत्र वॉशिंग्टन येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची परंपरा आहे का?

डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्राचे ऑर्केस्ट्रा हॉल हे सभागृह 1919 मध्ये पाच महिन्यांच्या आत बांधले गेले, कारण संचालक ओसिप गॅब्रिलोविच यांनी योग्य सभागृहाशिवाय राहणार नाही, असे बजावले होते. मंदीमुळे 1939 मध्ये वाद्यवृंदाने ते सोडले. 1941 पासून दहा वर्षे तेच सभागृह पॅराडाइज थिएटर या नावाने जॅझचे मोठे केंद्र होते. ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी तेथे वाजवून गेले. 1970 मध्ये ते पाडायचे ठरले, तेव्हा वाद्यवृंदात ‘बसून’ हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारे पॉल गॅन्सन आणि सहकाऱ्यांनी मोहीम उभारून ते वाचवले, आणि 1989 मध्ये वाद्यवृंद परत आला. तिथला नाद अप्रतिम आहे. वरच्या बाल्कनीतले स्वस्त तिकीट काढले तरी काही गमावल्यासारखे वाटत नाही.

भारतीय संगीताशी या शहराचा काही धागा जुळतो का?

जुळतो, आणि तो डेट्रॉइटमध्ये 1937 साली जन्मलेल्या अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्यामुळे. चर्चमध्ये पियानो-ऑर्गन वाजवून सुरुवात केलेल्या या वादिकेने पुढे स्वामी सच्चिदानंद यांचे शिष्यत्व पत्करले, आणि 1971 च्या आपल्या प्रसिद्ध अल्बममध्ये हार्पच्या मागे तंबोरा ठेवला. कॅलिफोर्नियात आश्रम स्थापन करून तिथे त्यांनी संस्कृत भजने गॉस्पेलच्या ढंगात बांधली. आपल्याकडच्या भजनाची सवय असलेल्या कानांना ती आधी परकी वाटतील. थोडे थांबून ऐकले की त्यातली आर्तता पोहोचते.

कधी जावे आणि कसे फिरावे?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याअखेर नदीकाठच्या हार्ट प्लाझा येथे टेक्नोचा मूव्हमेंट महोत्सव होतो; 2000 मध्ये सुरू झाला तेव्हा तो विनामूल्य होता, आता तिकीट लागते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणारा जॅझ महोत्सव मात्र आजही विनामूल्य आहे. ज्येष्ठांना सोबत न्यायचे असेल तर हाच निवडावा. वुडवर्ड अव्हेन्यूवर ट्राम आहे, तिने ऑर्केस्ट्रा हॉलपर्यंत जाता येते. मोटाउन, बेकर्स आणि न्यू बेथेलसाठी मोटार लागते. न्यू बेथेलमध्ये रविवारी प्रार्थनेला जायचे असल्यास नीटनेटका पोशाख करावा, वेळेवर पोहोचावे आणि चित्रीकरण करू नये.

महाराष्ट्रात राहूनच ऐकायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

हूकर यांच्या ‘बूगी चिलन’पासून करावी, मग अरीथांचे चर्चमधले पहिले ध्वनिमुद्रण, त्यानंतर ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सलग, मध्ये न थांबवता. मग ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ आणि ‘डोनट्स’. डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्रा 2011 पासून आपल्या मैफली इंटरनेटवर थेट दाखवत आला आहे. तिथली शनिवार रात्र म्हणजे आपल्याकडची रविवारची पहाट, तेवढा हिशेब करून ठेवावा.